एकतीस नंबरचा खांदा

माझी मुलगी बॉबिन अकरा दिवसांची असताना सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "बाळंतिणीनं या घरात मोठ्यानं रडू नये. रडायचंच असेल तर मशीन चालू करून रड."

मी हसले होते. कॉलेजात शिकलेली मी. बायकांनी बायकांना दिलेले असले सल्ले कुठल्या कप्प्यात टाकायचे ते मला पक्कं ठाऊक होतं. "आई, मला मशीन येतच नाही," म्हणून मी कूस बदलली. त्या दाराशी जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मग शिकून घे."

त्याला सात महिने झाले. आता मला मशीन येतं. सरळ टीप येते, दुहेरी येते, आणि रिकामी टीपही येते. सुईत दोरा न घालता नुसते पाय मारत राहायचे. भरल्या टिपेपेक्षा तिचा आवाज मोठा होतो. शिंप्याच्या घरात मशीन का चालू आहे असं कुणी कुणाला विचारत नाही.

त्या दिवशी सकाळी आम्ही पाच जण, बॉबिनला धरून पाच, दुकानाच्या टेम्पोतून त्या बंद पडलेल्या मनोरुग्णालयात गेलो. इमारत पाडायची होती. ज्यांची काही वस्तू आत राहिली असेल त्यांनी दहा ते दोन या वेळात येऊन घेऊन जावी, असं पत्र दुकानावर आलं होतं. आमची वस्तू म्हणजे आजेसासऱ्यांचं पायमशीन. ते त्या इस्पितळाचे शिंपी. पंचवीस वर्षांपूर्वी ते वारले तेव्हा इस्पितळानं शिवणखोलीला कुलूप लावलं आणि तिथल्या बायकांचे झगे शिवायचं काम आमच्या दुकानाकडे दिलं. मशीन आतच राहिलं.

"लेकराला कशाला घेतलंस असल्या ठिकाणी?" मास्तरकाका पुढच्या सीटवरून मागं न बघता म्हणाले. मास्तरकाका म्हणजे माझे थोरले चुलतसासरे. दुकानातलं सगळं कटिंग त्यांच्या हातचं, त्यामुळे गिऱ्हाइकांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांचे ते मास्तर.

"तिला सोडून मला चैन पडत नाही."

"तेच तर म्हणतो मी. चैन पडत नाही, झोप लागत नाही, दर दहा मिनिटांनी तिच्या नाकाशी बोट. काय रे, हिला जरा विश्रांतीची गरज आहे की नाही?" हा प्रश्न माझ्या नवऱ्याला होता. तो टेम्पो चालवत होता. त्यानं गिअर बदलला. बदलायची काही गरज नव्हती.

'विश्रांती' या शब्दावर शेजारी बसलेल्या सासूबाईंनी हातातली पिशवी पोटाशी ओढली. का ओढली ते मला आठवड्यापूर्वी कळलं नसतं. आता कळलं.

नवऱ्याला एक आत्या होती. मास्तरकाकांची धाकटी बहीण. तोंडात सतत टाचण्या धरून बोलायची म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत. ती बाविसाव्या वर्षी 'गेली', असं मला लग्न झाल्यापासून सांगण्यात आलं होतं, आणि गेलेल्या माणसाबद्दल जास्त विचारू नये एवढी रीत मलाही कळते. आठवड्यापूर्वी सासूबाईंनी मला मशीनवर पकडलं. सुईत दोरा नव्हता, माझं तोंड सुजलेलं होतं. त्या दार लावून माझ्यासमोर जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "गेली नव्हती ती. ठेवली होती."

टाचणी आत्याचं बाळ नवव्या दिवशी गेलं. ती रडायला लागली आणि थांबेना. रडत रडत चिंध्यांतून इवलाले सदरे बेतायची. अकरा दिवस घरानं वाट पाहिली, मग एका दुपारी तिला 'दोन दिवस विश्रांतीला' नेलं. आजेसासऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं त्या इमारतीत काम करूनही त्यांनी शिवणखोलीच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. शिवणखोलीत उजेड होता, चहा वेळेवर येत होता, अधीक्षक अदबीनं बोलत होते. सगळं इस्पितळ असंच असेल, असं त्यांना वाटलं.

दोन दिवसांची अठ्ठावीस वर्षं झाली.

"तुम्हाला माहीत होतं?" मी सासूबाईंना विचारलं होतं.

"आमच्या दुकानाकडे काम आल्यावर झग्यांवर नंबर मीच शिवायचे ना. दोनशे चौदा. वर्षाला दोन झगे. नंबर आला की समजायचं, आहे." मग त्यांनी नाक पुसलं. "अकरा वर्षांपूर्वी इस्पितळ बंद व्हायच्या सुमाराला यादी आली, तिच्यात दोनशे चौदा नव्हता. तेव्हा मी समजले. दोन दिवस जेवले नाही. घरात सगळ्यांना वाटलं पित्त झालंय."

एवढंच मला ठाऊक होतं. हे सगळं पोटात घेऊन मी त्या टेम्पोत बसले होते.

*

फाटकाशी रखवालदार होता. पूर्वी तो आतच अटेंडंट होता. इस्पितळ गेलं, हा राहिला. मोठी किल्ल्यांची जुडी आणि त्याहून मोठं पोट. "या या," तो म्हणाला. "सकाळपासून तुम्हीच पहिले. इथं आता शहाणा माणूस मी एकटाच, त्यामुळे कधी कधी मलाच शंका येते."

नवरा उगाच मोठ्यानं हसला.

दारातच एक पाटी होती: 'नातेवाइकांनी वेळ पाळावी.' खाली लाकडी बाक. मी सवयीनं सगळं निरखत होते. मुलगी झाल्यापासून मी प्रत्येक जागा आधी धोक्यासाठी बघते, कोपरे, कड्या, टोकं. त्यामुळे मला लगेच दिसलं की बाकाचा रंग जसाच्या तसा होता. त्याच्यावर फारसं कुणी बसलेलं नव्हतं.

दारांना कड्या बाहेरून होत्या. फक्त बाहेरून. प्रत्येक दाराला डोळ्याच्या उंचीवर एक भोक, आणि भोकाभोवती बाहेरच्या अंगाला लाकूड कपाळं टेकून टेकून काळं पडलेलं.

"शिवणखोली इकडे," मास्तरकाका म्हणाले आणि तरातरा पुढं निघाले. त्यांना वाट माहीत होती.

*

पुढचं मी मास्तरकाकांच्या बाजूनं लिहिते आहे. त्यांची बाजू लिहायची मला मुळीच हौस नाही. पण ती त्यांनी नंतर माझ्या नवऱ्याला सांगितली आणि नवऱ्यानं मला, म्हणजे ती आता घरात आलीच आहे.

त्यांना खोली लहान वाटली. ते तिथं एकदाच आले होते, एकोणचाळीस वर्षांपूर्वी. कटिंगचं टेबल तसंच होतं, टेबलाला साखळीनं बांधलेली कातर गंजून मिटलेली होती. भिंतीवर सुयांची फळी होती. साठ भोकं, प्रत्येकाखाली आकडा. संध्याकाळी साठ सुया मोजून परत लागल्याशिवाय कुणी हलायचं नाही. एकदा एकोणसाठ भरल्या तेव्हा शिवायला बसलेल्या सगळ्या बायकांची झडती घेतली होती, कपडे उतरवून. वडील तेव्हा दाराबाहेर उभे होते. सुई नंतर त्यांच्याच सदऱ्याच्या कॉलरला सापडली. हा किस्सा ते घरी हसत सांगायचे. शेवटचं वाक्य सांगताना मात्र कुणाकडे बघायचे नाहीत.

मशीनच्या शेजारी एक बुटकं स्टूल होतं. टाचणीचं. डॉक्टरांनी तिला वडिलांच्या हाताखाली काजं करायला बसवलं होतं. मरेपर्यंत वडील रोज लेकीशेजारी बसून काम करायचे आणि संध्याकाळी एकटे घरी यायचे.

तिला इथं ठेवायच्या कागदावरची सही मास्तरकाकांनी याच टेबलावर केली होती. वडिलांचा हात थरथरत होता म्हणून घरातला मोठा मुलगा या नात्यानं ह्यांनी. त्यांनी पेन मागितलं तेव्हा वडिलांनी गोंधळून कापडावर खुणा करायचा खडू पुढं केला होता.

"काका, हे चाक जाम आहे," नवरा म्हणाला. "तेल घालून बघू?"

"इथं काही बघू नकोस. उचल आणि चल."

अकराच्या आत फाटकाबाहेर पडायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. वरच्या मजल्यावर कुणी जायला नको होतं. त्यांनी वळून पाहिलं. दारात मीही नव्हते आणि सासूबाईही नव्हत्या.

*

सासूबाई रखवालदाराला म्हणाल्या होत्या, "मला बायकांचा वॉर्ड बघायचाय. दोनशे चौदा नंबर."

"आई, मी येते," मी म्हणाले.

"लेकराला घेऊन नको."

"लेकराला घेऊनच."

जिना चढताना त्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होत्या. टाचणी आणि त्या एका वयाच्या. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा घरात त्यांच्याशी हसून बोलणारी ती एकटी. नवी नवरी आणि माहेरी आलेली नणंद, दोघी एका ताटात जेवायच्या आणि मास्तरांच्या चालण्याची नक्कल करायच्या. तिला नेलं त्या दुपारी सासूबाई काज करत होत्या. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचे सासरे एवढंच म्हणाले होते, "तुलाही बरं वाटत नाहीये का?" त्यांनी मान खाली घातली. ती मान त्यांनी खाली ठेवली, आणि काज पुरं केलं. "चांगलं झालं होतं गं ते काज," त्या मला जिन्यात म्हणाल्या. "त्याचाच मला जास्त राग येतो."

वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब खोली. खाटा गेलेल्या, पण त्या जमिनीला जखडलेल्या बोल्टांची भोकं ओळीनं. भिंतीवर रंगवलेले आकडे. न्हाणीघराला दार नाही. नळ होते, पण एकाही नळाला चावी नव्हती.

"चोरीला गेल्या?" मी विचारलं.

"छे. पहिल्यापासूनच नव्हत्या. चाव्या आमच्या खिशात. पाणी पाहिजे तर हाक मारायची."

"आणि तुम्ही यायचात?"

रखवालदारानं जुडीतली एक किल्ली बोटानं फिरवली. "कधी कधी," तो म्हणाला. मग ती किल्ली सोडून, "सगळ्या काही तशा नव्हत्या हो. सव्वाशे बायकांतल्या सत्तर तरी ठणठणीत होत्या. स्वयंपाकघरात भाज्या चिरायच्या, आमचे हिशेब चुकले तर सांगायच्या. दर वर्षी घरी पत्र जायचं, 'रुग्ण घरी नेण्यास योग्य'. पत्रं जायची. येत कुणी नव्हतं."

"आमच्याकडे?" सासूबाईंचा आवाज फाटला. "आमच्याकडे पत्र गेलं होतं?"

"ते मला काय ठाऊक, ताई. जायचं सगळ्यांकडेच."

दोनशे चौदा खिडकीखाली होता. खिडकी हात पुरणार नाही इतकी उंच. सासूबाई त्या आकड्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी पिशवीतून एक झगा काढला. निळसर, कडक, घडी कधीच न मोडलेला. छातीवर पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं: २१४.

"त्या वर्षी मी आधीच शिवून ठेवला होता," त्या म्हणाल्या. "यादी यायच्या आत. मग यादी आली."

त्यांना तो तिथं ठेवायचा होता. कुठं ठेवावा ते कळत नव्हतं, खाटच नव्हती. मी बॉबिनला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि जागा शोधायला वळले, तेव्हा मला दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद दिसला. उन्हानं पिवळा झालेला, टाइप केलेला. वर लिहिलं होतं: 'स्थलांतर'. डावीकडे जुना क्रमांक, उजवीकडे नवा, आणि खाली एका निवारागृहाचा फोन नंबर.

मी बोट लावून वाचत गेले. मला वाटतं, माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण बॉबिन दचकली.

"आई. दोनशे चौदा इथं आहे."

"कुठं?"

"दोनशे चौदाच्या पुढं एकतीस लिहिलंय. आई, ती गेली नव्हती. त्यांनी नंबर बदलला."

सासूबाई कागदाजवळ आल्या नाहीत. झगा छातीशी धरून जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. "निवारा?" त्यांनी विचारलं. "त्या निवाऱ्याचे झगे आपल्याकडेच येतात. अकरा वर्षं. एकतीस नंबर मी शिवते." आणि मग, फार हळू, "एकतीसचे खांदे मास्तर भावोजी दुसऱ्या कुणालाच शिवू देत नाहीत."

*

आमच्या दुकानात कामाची वाटणी अशी आहे: मापं मास्तरांकडे, नंबर सासूबाईंकडे. मापांचा कागद दुसऱ्या कुणी बघायचा नाही. मास्तर बेततात आणि कापतात, नवरा शिवतो, सासूबाई काजं-बटणं करतात आणि नंबर घालतात. सासूबाईंना टाचणी आत्या फक्त आकडा म्हणून माहीत होती. मास्तरांना ती इंचांत माहीत होती. छाती किती, उंची किती, कुठल्या वर्षी वाळली, कुठल्या वर्षी पोट सुटलं. आणि लहानपणी जिन्यावरून पडून तिचा डावा खांदा अर्धा इंच उतरला होता, तेही.

खाली आलो तेव्हा ते दोघं मशीन उचलून व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत आले होते. मास्तरकाका घामेजले होते.

"कुठं होता तुम्ही? चला, बसा."

"भावोजी," सासूबाई म्हणाल्या, "एकतीसचा डावा खांदा किती उतरता आहे?"

मी त्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा माप विसरताना पाहिलं.

"कोण एकतीस?"

"अर्धा इंच ना?"

"काय चाललंय, आई?" नवरा म्हणाला.

"तुझी आत्या जिवंत आहे," मी म्हणाले. "निवाऱ्यात आहे, वर कागदावर तिथला नंबर आहे. अकरा वर्षं आपल्याच दुकानातले झगे घालते. तू शिवलेस."

"काहीतरीच काय? काका?" नवऱ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "काका, ही काय म्हणतेय?"

मास्तरकाका मशीनच्या पाट्यावर हात ठेवून उभे राहिले. "माप बघून संशय आला होता," ते म्हणाले. "संशयावर माणूस काय करणार?"

"खांदा शिवणार," सासूबाई म्हणाल्या. "स्वतःच्या हातानं. दुसऱ्याला कळू नये म्हणून. मी दोन दिवस जेवले नाही, तेव्हा पलीकडच्या टेबलावर तुम्ही तिचाच झगा कापत होता. माझ्यासमोर! पित्ताची गोळी आणून दिलीत मला. अहो, लाज कशी वाटली नाही?"

"आवाज खाली. परका माणूस आहे." रखवालदार भिंतीकडे बघत होता.

"नाही करणार खाली. एकोणचाळीस वर्षं खालीच आहे."

"आणि पत्रं?" मी विचारलं. "घरी न्या म्हणून येणारी पत्रं?"

"कुठं ठेवणार होतो तिला?" आता तेही चढले. "दोन खोल्या, माझ्या मुलींची लग्नं व्हायची. वेड्याचं घर म्हटल्यावर दारात कोण उभं राहिलं असतं? तुम्हाला आता सोपं आहे बोलायला. सगळ्यांसाठी केलं मी. सगळ्यांसाठी एकट्यानं सहन केलं."

"तुम्ही सहन केलंत?"

"तू मध्ये बोलू नकोस. तुझं स्वतःचं काय चाललंय ते बघ आधी. रिकामं मशीन चालवत बसतेस, कळत नाही का मला? दोरा संपत नाही आणि सुया बोथट होतात."

मी प्रत्येक कोपऱ्याकडे बघते तसं माझ्याकडे कुणीतरी इतके महिने बघत होतं.

"आपण आधी त्या निवाऱ्याला फोन करू," नवरा घाईनं म्हणाला. त्याला नेहमी भांडण मोडायचं असतं, कुणाच्या बाजूनं ते त्याला महत्त्वाचं नसतं. "नंबर आहे ना वर? मी लिहून आणतो." त्यानं खिशातून एक चिठ्ठी काढली, खिसा चाचपून पेन काढलं, आणि चिठ्ठी उलटी करताना त्याचा हात थबकला.

मी ती त्याच्या बोटांतून ओढून घेतली. मास्तरकाकांचं ठसठशीत अक्षर. एका विश्रांतीगृहाचं नाव, फोन, आणि खाली, 'दोन-तीन आठवडे. लेकरू तुझी आई बघेल.'

"कधीपासून आहे हे तुझ्याकडे?"

"अगं, मी फोन केला नव्हता."

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. काकांनी दिली, मी खिशात टाकली. फेकायची राहिली. खरंच."

"फेकायची राहिली," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी कधी माझ्यासमोर आपल्या लेकाला रागावलेलं मी पाहिलं नव्हतं. आत्ताही आवाज चढवला नाही. "तुझे आजोबाही वाईट नव्हते रे. त्यांचंही सगळं राहूनच गेलं."

"आणि तुम्ही, आई?" मी म्हणाले. मला थांबता येत नव्हतं. "तुम्ही चौदा वर्षं दोनशे चौदा शिवलात. जिवंत आहे हे कळत होतं. एकदा तरी त्या बाकावर येऊन बसायचं होतंत."

त्या म्हणाल्या, "हो. हे माझं." आणि मोबाइल माझ्यापुढं धरला. "तू लाव. मला आकडे दिसत नाहीयेत."

वर जाऊन नंबर मीच पाहून आले. लिहिला त्याच चिठ्ठीच्या पाठीवर, दुसरा कागद नव्हता. फोन स्पीकरवर ठेवला, व्हरांड्याच्या कठड्यावर. एका बाईनं उचलला.

"निवारा. बोला."

"तुमच्याकडे एकतीस नंबरच्या बाई आहेत ना?"

"दुकानातून बोलताय का? झगे पोचले हो. मापं बरोबर आहेत."

"दुकानातून नाही," मी म्हणाले. "घरून बोलतेय. त्यांच्या."

तिकडे कागद चाळल्याचा आवाज. "त्यांच्या फाइलीवर तर 'घर नाही' असं लिहिलंय."

"चुकीचं लिहिलंय. कशा आहेत त्या?"

"चांगल्या आहेत की. काजं करतात, बाकीच्यांचे कपडे दुरुस्त करतात. तशा शांत. फक्त एकच आहे." ती बाई हसली, प्रेमानंच हसली. "नवा झगा आला की आधी उलटा करतात आणि डाव्या खांद्याची टीप बघतात. बोट फिरवतात. म्हणतात, हा दादाचा हात आहे. दर वेळी. सगळ्यांना दाखवत फिरतात. डॉक्टरांनी फाइलीतही लिहिलंय बघा: भाऊ आपले कपडे शिवतो असा भ्रम. अकरा वर्षांत औषध दोनदा वाढवलं, पण हे काही जात नाही."

बॉबिननं माझ्या गळ्यातली साखळी तोंडात घातली होती. मास्तरकाका पायरीवर बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. अंगठ्याला कातरीचा जुना घट्टा, तर्जनीला सुईची टोचलेली भोकं. तो हात तिनं ओळखला होता, आणि ओळखला म्हणून तिच्या गोळ्या वाढवल्या होत्या.

"भेटायची वेळ काय?" सासूबाईंनी फोनमध्ये विचारलं. जरा जास्तच मोठ्यानं.

"चारपर्यंत. पण सोबत घरचं माणूस असल्याचं काहीतरी आणा हं. पुरावा."

"आणते," सासूबाई म्हणाल्या, आणि दोनशे चौदाचा झगा घडी घालून पिशवीत ठेवला.

नवऱ्यानं टेम्पोचं मागचं दार उघडलं. मशीनकडे पाहिलं. मग ते तिथंच पायरीवर ठेवून दार लावून घेतलं. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "चिठ्ठी दे, मी फाडतो."

"नको," मी म्हणाले. "तिच्या पाठीवर आत्याचा नंबर आहे. आणि पुढची बाजूही मी जपून ठेवणार आहे."

मास्तरकाका उठले. "मी येऊ का?" त्यांनी विचारलं. मला नाही, सासूबाईंना. मी लग्न होऊन आल्यापासून या घरात त्यांनी कुणाची परवानगी मागितलेली मला सांगता येणार नाही. सासूबाई टेम्पोत पुढच्या सीटवर, त्यांच्या जागी, चढून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझी परवानगी लागत नाही. तिची लागेल. फाटकाबाहेर उभे राहा आणि आतून निरोप येईपर्यंत थांबा. वेळ लागला तर वेळ लागू दे."

ते मागच्या बाकावर माझ्यासमोर बसले. सगळ्या वाटेत मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि ते बॉबिनकडे. मी तिची मान एकदाही त्यांच्याकडे वळू दिली नाही.

हे लिहिताना मला राग आवरत नाही, आणि तो आवरावा असंही मला आता वाटत नाही. शिवणखोलीचा उजेड पाहून सगळं घर उजेडाचं समजणारी माणसं वाईट नसतात, चांगलीच असतात, त्यांचा चहा वेळेवर येतो. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरात आत्ता नीट कान द्या. आतल्या खोलीत मशीन चालू आहे का? नळ उगाच वाहतोय का, मिक्सर भांडं रिकामं असल्यासारखा वाजतोय का, बराच वेळ? ती म्हणेल, काही नाही, काम चाललंय. तेवढ्यावर परत फिरू नका. हे पुस्तक उघडंच पालथं ठेवा आणि आत जाऊन बघा, सुईत दोरा आहे का.